वास नसलेल्या वायूचा पहारेकरी

मित्रांनो, हायड्रोजन वायूला रंग नसतो, वासही नसतो. तो खोलीत साचला तरी तुम्हाला कळणार नाही. मला कळतो. त्याला ओळखण्यासाठीच माझा जन्म झाला.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत, हवा काढून घेतलेल्या पेटीत, काचेवर कोबाल्ट आणि पॅलेडियम धातूंचा थर चढवून मला घडवले. केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत, त्यातल्या एकाएवढा तो थर पातळ. हायड्रोजन आला की हा थर त्याला शोषून घेतो आणि माझे चुंबकत्व बदलते. तेवढ्यानेच लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो.

तलासरीला हमरस्त्यालगतच्या एका गोदामात मला छताजवळ बसवले. तिथे माल उचलणाऱ्या गाड्यांच्या मोठाल्या बॅटऱ्या चार्ज होत. त्यांतून सुटणारा हायड्रोजन हलका म्हणून वर चढे आणि भिंतीतला पंखा त्याला बाहेर फेकी. बॅटऱ्यांत पाणी भरायला सायवन गावाहून जिवली येई. मला बसवणाऱ्या निर्मलाताईंना तिने पहिल्याच दिवशी विचारले, "ताई, हा लाल झाला तर आम्ही काय करायचं?"

"कशालाही हात न लावता बाहेर पडायचं. एक ठिणगी पुरते."

जिवलीने ते मनात पक्के ठेवले. दर सोमवारी शिडीवर चढून ती माझी धूळ पुसायची. दोन वर्षे मी सुखात होतो.

मग पंखा जळाला. नवा मागवला, पण आला नाही. वायू साचू लागला आणि मी दिवसाआड ओरडू लागलो. माणसे बाहेर पडत, ट्रक खोळंबत आणि वरून सुपरवायझर उमेशला बोलणी बसत. एक दिवस तो वैतागला. "वास येतो का कुणाला? मग कसला गॅस? हे यंत्रच बिघडलंय!" म्हणत त्याने भोंग्याची वायर पकडीने तोडली.

"साहेब, दिवा तर लागतोय," जिवली म्हणाली.

"तू पाणी भर. शहाणपणा नको शिकवू."

माझा आवाज गेला. मला दिसत होते, कळत होते, पण सांगता येत नव्हते.

आठवड्यानंतर भर दुपारी माझा दिवा लाल झाला. तिथेच काम करणारा जिवलीचा नवरा लडक्या बॅटरीच्या चार्जिंगची क्लिप काढायला वाकला होता. जिवलीची नजर वर गेली.

"हात नको लावू! वर बघ! बाहेर चल!"

तिने त्याला दंडाला धरून ओढत बाहेर नेले. दारात उमेश भेटला. "काम टाकून कुठं निघालात?" ती "साहेब, आत जाऊ नका" म्हणेपर्यंत तो आत शिरला आणि त्याने क्लिप उपटली.

ठिणगी उडाली. मोठा आवाज झाला, बॅटरीचे झाकण फुटले आणि आतले अॅसिड उमेशच्या तोंडावर उडाले. माझ्या काचेला तडा गेला. जिवली पिण्याच्या पाण्याचा जार घेऊन धावली आणि कितीतरी वेळ त्याच्या डोळ्यांवर पाणी ओतत राहिली. एक डोळा वाचला. दुसरा गेला.

दोन दिवसांनी गोदामाच्या ऑफिसातून जिवलीपुढे अंगठ्यासाठी एक कागद आला. त्यात लिहिले होते की यंत्र बंद पडले होते आणि बाईने हलगर्जीपणा केला. तिने अंगठा उमटवला नाही. "दिवा लाल होता. मी खोटं कसं सांगू?" एवढेच ती म्हणाली.

चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी तुटलेली वायर उचलून दाखवली. "ही कधी तुटली?" पट्टी बांधलेला उमेश पुढे आला. मग म्हणाला, "मीच तोडली. ती बाई मला सांगत होती."

खरे बाहेर आले. उमेशची नोकरी गेली. स्फोटानंतर घरी बसवलेल्या जिवलीला मात्र कामावर परत बोलावले नाही. 'चौकशीत बोलणारी बाई नको' असे कुणीतरी म्हणाले.

आता पंखा नवा आहे. माझी काच बदलली आहे, भोंगा पुन्हा वाजतो. माझ्याखाली चंद्रिका नावाची नवी मुलगी पाणी भरते. ती माझ्याकडे कधी पाहत नाही, कारण मी कोण आहे हे तिला कुणीच सांगितलेले नाही.

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा, माझी वायर जपा. पण त्याआधी माझ्याखाली उभ्या असलेल्या माणसाला सांगा, दिवा लाल झाला की काय करायचे. आणि त्याने तुम्हाला सावध केले, तर त्याचे ऐका.