पिवळी जट

श्रीगोंद्यात माझ्या पार्लरची पाटी लागली तेव्हा लोक घटकाभर उभे राहून ती वाचायचे आणि पुढे जायचे. आत कुणी यायचं नाही. पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स केलेला, ‘प्रज्ञा’ असं नाव घातलेलं सर्टिफिकेट आरशाच्या वर टांगलेलं, आणि मी करत काय होते, तर लग्नसराईत नवऱ्या मुलींच्या भुवया कोरत होते. शिकलेलं निम्मं हातातच गंजत चाललं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझीही हौस होती. पुष्पावतीची होतीच, पण ती अठरा वर्षांची होती. मी एकोणतीसची होते, मला कळायला हवं होतं.

पुष्पावती म्हणजे गावाबाहेरच्या मळ्यातल्या कारभारींची मुलगी. आई लहानपणीच गेलेली, घरात बाप आणि आजी गोजरबाई. ती बारावीला होती. कॉलेज सुटलं की एसटी यायच्या आधी पार्लरच्या बाकावर येऊन बसायची. करून काहीच घ्यायची नाही, नुसती बाटल्यांवरची नावं वाचायची. मला ती आवडायची. बोलायला कुणी तरी लागतंच माणसाला.

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर होता. एका दुपारी तिनं वहीतून एका मासिकातला फोटो काढला. सोनेरी केसांची कुठली तरी परदेशी बाई.

“ताई, असं व्हतंय का?”

“होतं. कुणाला करायचंय?”

“मला.”

मी हसले. ती हसली नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला नाटक होतं, गावात परदेशी मॅडम येते आणि सगळ्यांची तारांबळ उडते असलं काहीतरी, आणि मॅडमचं काम हिला मिळालं होतं. सरांनी नगरहून केसांचा टोप आणला होता, तो निघाला विदूषकाचा, लाल.

“अगं, मग लोकरीचा कर की टोप. घरी काय सांगशील?”

“थंडीच हाय. ओढणी बांधून ऱ्हाईन. गॅदरिंग झालं की तुमीच काळं करून द्या.” मग फोटोवर बोट फिरवत म्हणाली, “चैत्रात लगीन हाय माझं.”

ते मला ठाऊक नव्हतं. मुलगा, म्हणजे मुलगा कसला, साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर काम करणारा अडतीस वर्षांचा माणूस. पहिली बायको वारलेली, दोन पोरं. थोरली बारा वर्षांची. पुष्पी नाही म्हणाली होती, तर कारभारींनी तिला गोठ्यातल्या दाव्यानं मारलं होतं. दंडावरचा वळ तिनं मला दाखवला, अगदी सहज, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“लगीन व्हायच्या आदी एक दिवस तरी मी दुसरी कुनी तरी दिसंन,” ती म्हणाली.

या वाक्यावर मी विरघळले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की काळेभोर, कमरेपर्यंतचे केस सोनेरी करून दाखवायची माझीच बोटं शिवशिवत होती. तालुक्यात कुणी केलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी दार आतून लावून घेतलं. ब्लीचची पावडर आणि पेरॉक्साइड कालवलं, बट-बट करून लावलं, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. धुतलं तेव्हा केस नारिंगी निघाले, गंजक्या पत्र्यासारखे. काळे केस पहिल्या झटक्यात नारिंगीच होतात, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. हेही शिकवलं होतं की दुसरा हात किमान पंधरा दिवसांनी द्यायचा. पण पुष्पी आरशात बघून रडायला लागली. “ही कसली मॅडम, ताई? ही तर माकडीन झाली.” मंगळवारी गॅदरिंग. मी पुन्हा पावडर कालवली.

दुसऱ्यांदा केस पिवळे झाले. खरंच पिवळे, उन्हात धरले की चमकतील असे. पुष्पी आरशासमोर उभी राहिली. मान इकडे वळव, तिकडे वळव. मग आरशातल्या त्या पोरीला तिनं खऱ्याखुऱ्या इंग्रजीत विचारलं, “हाऊ आर यू?” आणि दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसातलं तेवढंच मला आठवायला आवडतं.

पण ओले केस हातात घेतले तर ते शिजवलेल्या शेवयांसारखे लागत होते. ओढले तर लांबत होते. कंगवा लावला तर हातात येतील, या भीतीनं मी तिला म्हणाले, “तीन दिवस विंचरू नकोस. घट्ट अंबाडा बांध आणि ओढणी सोडू नकोस, झोपतानासुद्धा. सोमवारी ये, मी हळूहळू सोडवते.” ती मान डोलावून गेली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी मॅडमचं काम दुसऱ्याच मुलीनं केलं, पिवळ्या लोकरीचा टोप घालून. बुधवारी भुवया करायला आलेल्या एका बाईनं खुर्चीत मान मागे टाकली आणि म्हणाली, “कळलं का, कारभारींच्या पोरीला जट आली. पिवळीधम्मक! दर्शनाला रीघ लागलीय.” माझ्या दातातला दोरा तुटला.

घडलं होतं ते असं, आणि हे मला पुष्पीनंच नंतर सांगितलं. रविवारी गोजरबाईनं न्हायला घालायचं म्हणून तिची ओढणी ओढली. ओलसर बांधलेला, दोन दिवस दाबून ठेवलेला, जळालेल्या केसांचा तो अंबाडा एकात एक अडकून पार घट्ट गोळा झाला होता. म्हातारीची बोटं आत शिरेनात. ती किंचाळली. कारभारी गोठ्यात कडबा तोडत होते, ते तसेच धावत आले.

“आबाच्या हातात कोयता हुता, ताई,” पुष्पी म्हणाली. “आबा म्हनला, काय केलंस गं केसांचं? तेवढ्यात आजी म्हनली, जट हाय रं ही. देवीआईनं हळद लावून जट दिली हाय. आबा माज्याकडं बगाया लागला. मी म्हनलं, व्हय.”

एवढंच. ‘व्हय’ म्हणाली आणि कारभारींनी कोयता खाली ठेवला.

आमच्याकडे जट आली की ती देवीनं दिली असं मानतात. ती कापायची नाही, विंचरायची नाही. बाई देवीची होते. तिचं लग्न करायचं नाही, तिनं मंगळवारी-शुक्रवारी गळ्यात परडी अडकवून पाच घरं जोगवा मागायचा. आमच्याकडे म्हणते मी, पण माझ्या घरचं तसं नाही. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि देव्हारा घराबाहेर काढला, तेव्हापासून आमच्यात कुणी अंगारासुद्धा लावून घेतला नव्हता. जट म्हणजे न विंचरलेले केस, हे मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणूनच मला वाटलं, जाऊन सांगितलं की झालं.

मी पावडरचा डबा पिशवीत घातला आणि मळ्यात गेले. अंगणात वीस-पंचवीस बायका बसलेल्या. ओट्यावर पाटावर पुष्पी. हिरवी साडी, कपाळभर कुंकू आणि खांद्यावर सोडलेला तो पिवळा गोळा. तिनं मला पाहिलं आणि डोळे खाली घातले. मी सगळ्यांसमोर डबा वर धरला.

“हे मी केलंय. ही औषधाची पावडर आहे, केस पिवळे करायची. देवी-बिवी काही नाही. माझ्या हातून जास्त झालं आणि गुंता झाला. कात्री द्या, आत्ता कापते.”

पुष्पीचे ओठ पांढरे पडले होते. मी काय करून बसले हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. यांनी माझं खरं मानलं, तर मी घरी जाईन आणि ही इथंच राहील, बापाबरोबर.

गोजरबाई काठी टेकत उठली. माझ्याजवळ आली, डब्यात बोट घातलं, पावडर हुंगली. मग माझा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला.

“पोरी, तालुक्यात एवढ्या बाया पडल्या, आन् तुज्याच हातानं का झालं? तू तर देव न मानणारी. आई कुनाच्या हातानं यील ते तिचं तिला ठावं.” आणि तिनं ताटातली हळद चिमटीत घेऊन माझ्या कपाळाला लावली. मागून कारभारी आले. माझ्यापुढं हात जोडून म्हणाले, “ताई, आमी पापी मानसं. तुमच्या रूपानं घर पावन झालं.”

मी काय करावं? कपाळ पुसायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. मला मात्र हायसं वाटलं. कुणी विश्वास ठेवला नाही म्हणून हायसं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते, पण वाटलं ते वाटलं. डबा पिशवीत घालून मी घरी आले आणि दारामागं उभी राहून कपाळ घासघासून धुतलं.

कारखान्यातल्या माणसानं निरोप धाडला, देवीच्या बाईला घरात कशी नांदवणार? लग्न मोडलं. कॉलेजही सुटलं. जटेची बाई बाकावर बसून अकाउंट्स शिकते का कुठं? आणि माझं पार्लर चालायला लागलं. बाया यायच्या, उंबऱ्याला हात लावून मगच आत पाऊल टाकायच्या. मला त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटायचं. मी भुवया कोरत राहिले.

माझी एकच आशा होती, मुळांची. केस वाढतात. पिवळ्याच्या खाली काळं दिसायला लागेल, तेव्हा आंधळ्यालाही कळेल, आणि तेव्हा मी पुन्हा जाईन, असं मी ठरवलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी पुष्पीच आली, भर दुपारी. गोजरबाई बाहेर पायरीवर बसली, “ताईला परसाद द्यायचाय तिला” म्हणाली. पुष्पीनं दार लावून घेतलं आणि पदर मागे सारला. कपाळापासून भांगापर्यंत अर्धं बोट काळी मुळं. टाळूवर ठिकठिकाणी खपल्या.

मी कात्री उचलली.

“कात्री नगं,” ती म्हणाली. “ती पावडर लावा. मुळापाशी तेवढी.”

“वेडी झालीस का? कातडं जळलंय तुझं. पुष्पे, कापू दे मला. मी सांगते त्यांना, मी शपथ घेते.”

“सांगितलं हुतं की तुमी. आता ह्ये काळं दिसलं, तर आबा काय म्हनंल? दोन म्हैने बायांना खोट्यानं पाया पाडलं म्हनंल. कापून मी जाऊ कुटं, ताई?”

“माझ्याबरोबर चल. पुण्याला मुलींचं वसतिगृह आहे, माझ्या कोर्सच्या बाई ओळखीच्या आहेत...”

“कदी?”

तिनं इतक्या लगेच विचारलं की मला खोटंसुद्धा सुचलं नाही. कारभारींची मुलगी मी पळवली, असं झालं असतं. गावात आमची वीस घरं, म्हातारे आईवडील, हे पार्लर. सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

“बघू,” मी म्हणाले. “विचार करून सांगते.”

पुष्पी हसली. राग नव्हता तिच्या हसण्यात, हे जास्त वाईट होतं. ती खुर्चीत जाऊन बसली आणि मान मागे टाकली.

मी पावडर कालवली. ब्रशनं मुळामुळाला लावत गेले. खपलीवर औषध लागलं की माणूस खुर्चीतून उठून पळतो, मी पाहिलेलं आहे. ती हललीही नाही.

“चटका बसतोय ना? पुष्पे, सांग, धुऊन टाकते.”

“बसू द्या,” ती डोळे मिटून म्हणाली. “आईला चटका बसत न्हाई.”

“कुठली आई? तू बारावी कॉमर्सची पुष्पी आहेस. ए, माझ्याकडं बघ.”

तिनं पाहिलं नाही. अर्ध्या तासानं मी धुतलं. मुळं पिवळी झाली होती, कानामागून थोडं रक्त आलं होतं, ते कापसानं टिपलं. तिनं पदर घेतला, उभी राहिली. मी खाली बसून फरशीवर सांडलेलं औषध पुसत होते, तेव्हा माझ्या डोक्यावर तिचा हात आला. आधी वाटलं, चेष्टा करतेय, आरशापुढं केली होती तशी. मी वर पाहिलं. डोळे मिटलेले होते, ओठ पुटपुटत होते, आणि घरी पाटावर बसून बायांच्या डोक्यावर ठेवते तसा हात माझ्या डोक्यावर सगळ्या वजनानिशी ठेवला होता. मी “पुष्पे” म्हणाले. ती त्या नावाला ओ देईना.

मी डोकं काढून घेतलं नाही. पुटपुटणं संपेपर्यंत तशीच बसून राहिले. मग दार उघडून दिलं आणि पायरीवरच्या म्हातारीला म्हणाले, महिन्यानं पुन्हा घेऊन या.