सत्त्याण्णव टक्के खोटं

पोराने ही काय नवी रीत काढली, ते आक्कांना कळेना. लॉन्ड्रीत शर्टांचा ढीग पडलेला, इस्त्री नुसती तापत पडलेली, आणि हा शहाणा सकाळपासून मोबाईल कानाला लावून बायकोचं एकच वाक्य ऐकतोय. "मी हॉस्पिटलातच होते, माझ्या बाबांच्या उशाशी." तिच्या नकळत त्याने तो आवाज भरून घेतला होता आणि सत्यगुरूला ऐकवून आला होता.

सत्यगुरू म्हणजे बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत दुकान थाटलेला एक गुळगुळीत माणूस. दाराबाहेर ही रांग! सासवा, भागीदार, नवे नवरे, सगळे आपापल्या माणसाचा आवाज खिशात घेऊन उभे. गुरू संगणकापुढे बसून सांगे, "माणूस नात्याला भुलतो. या यंत्राला ना आई ना मावशी. कृत्रिम बुद्धी आहे ही! आवाजाचा थर न् थर सोलते." मग पडद्यावर हिरव्या रेघा नाचत आणि घोगरा आवाज निकाल देई. सुनेचा निकाल लागला, "सत्त्याण्णव टक्के खोटं." उरलेले तीन टक्के कुठे गेले, एवढं विचारायची अक्कलही पोराला झाली नाही.

सुनेला कळलं, तशी ती माहेरी निघून गेली. जाताना रडली नाही. आक्कांना त्याचीच धास्ती बसली.

त्यांची लेक शाळेत मास्तरीण. तिने येऊन भावाला समोर बसवलं.

"आवाज ऐकवण्याआधी गुरूने तुला काय विचारलं?"

"काही नाही. मनात काय संशय आहे ते मोकळेपणाने सांगा म्हणाला. मी सांगितलं, त्याने टाइप केलं."

"अस्सं. आई, चपला घाल. तूही चल रे."

वाटेत लेकीने आपलाच आवाज भरला, "माझ्या पर्समध्ये शाळेची किल्ली आहे." भाऊ रांगेत लागला. त्याची पाळी आली तेव्हा, बहिणीने पढवल्याप्रमाणे, तो गुरूला म्हणाला, "ही बाई उठल्याबसल्या थापा मारते." टकटक, रेघा, घोगरा आवाज: "शहाण्णव टक्के खोटं."

मग आक्का पुढे झाल्या. तोच मोबाईल, तेच वाक्य. "माझी लेक आहे. शब्दाची पक्की."

"नव्याण्णव टक्के खरं!"

लेकीने पर्समधून किल्ली काढून टेबलावर आपटली आणि रांगेकडे वळली. "आवाज एक, वाक्य एक, निकाल दोन! हे यंत्र आवाज ऐकतच नाही. तुम्ही मनातलं सांगता, हा ते टाइप करतो, आणि तेच वर टक्के चिकटवून तुम्हाला ऐकवतो. त्या रेघा नुसत्या शोभेच्या!"

"चुरगळलेला संशय घालायचा आणि कडक इस्त्री करून परत न्यायचा," आक्का गरजल्या. "अरे, आमच्या लॉन्ड्रीत निदान मळ तरी निघतो!"

गुरू घाम पुसत म्हणाला, "आज नेटवर्क जरा..."

आता रांग उधळेल, असं आक्कांना वाटलं. मागून एक गृहस्थ खेकसले, "आजी, झालं ना तुमचं? सरका. माझ्या भागीदाराचा निकाल घ्यायचाय." आणि रांग एक माणूस पुढे सरकली.

घरी येताच पोराने बायकोला फोन लावला. "अगं, यंत्र लबाड निघालं! ये तू परत."

पलीकडून आलेलं बोलणं खोलीभर ऐकू गेलं. "ते खरं निघालं असतं, तर? मी बोलत होते तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास. हात मात्र खिशातल्या मोबाईलवर होता. आत्ताही बोलताना वाटतंय, हे भरून घेतोस की काय." आणि फोन बंद.

पोर रडवेलं झालं. "आई, तू तरी समजाव तिला."

आक्कांनी उभ्या आयुष्यात कितीतरी भांडणं मिटवली होती. आज तोंड उघडलं, तर सुनेला सांगण्यासारखं एक वाक्य सापडेना. सापडलं ते पोरासाठी.

"तिला काय समजावू? तिचं काय चुकलंय? हॉस्पिटल दोन गल्ल्या पलीकडे होतं. जाऊन डोळ्यांनी बघायचं होतंस. तिच्यासमोर बसून विचारायचं होतंस. विचारायला जीभ, बघायला डोळे, ताडून बघायला डोकं, सगळं जवळ असताना तू खोक्याला विचारायला गेलास. त्या भामट्याची लबाडी तुझ्या बहिणीने दुपारभरात उघडी पाडली. पण बायकोचा विश्वास तू मोडलास, आणि तो कसा सांधायचा ते मला ठाऊक नाही. कुठल्या यंत्रालाही विचारू नकोस."