पाणबुडी कोण होणार?

"मावशी, इशिता तुमची सख्खी भाची आहे म्हणून तिला मेन रोल दिलात का?"

विचारलं! अनिका आणि हिमानीनं डेअर दिलं होतं. अमेरिकेतल्या बॉथेलच्या आमच्या मराठी शाळेत, नाटक बसवणाऱ्या सुवर्णामावशींना असं काही विचारायची हिंमत कोणातच नाही. माझ्यात आहे. हल्लीच आली आहे.

मावशी चिडल्या नाहीत. "अगं, आधी तुलाच विचारलं होतं, पाणबुडी होशील का? तर म्हणालीस, शी, खोक्यात बसून कोण फिरणार!"

हिमानी खो खो हसत सुटली. मला वाटलं होतं, पाणबुडी म्हणजे सबमरीन! समुद्रात बुड्या मारणाऱ्या बाईलाही पाणबुडी म्हणतात, हे मला कोण सांगणार? म्हणून मी ड्रॅगन राजा मागून घेतला आणि माझी बेस्ट फ्रेंड इशिता हिरॉईन झाली.

आणि काय हिरॉईन! जपानची जुनी गोष्ट आहे. ड्रॅगननं तिच्या नवऱ्याच्या घराण्याचं रत्न चोरून समुद्राच्या तळाशी ठेवलेलं असतं. ही गरीब बायको म्हणते, मी आणते, पण मग माझ्याच मुलाला वारस करा. कमरेला दोर बांधून बुडी मारते, ड्रॅगनच्या हातातून रत्न हिसकावते. ड्रॅगन मागे लागतो तेव्हा स्वतःची छाती चिरून ते आत लपवते. रत्न वर येतं, ती मरते. सगळे रडतात. ड्रॅगनसाठी कोणी रडत नाही.

नाटकातून माझं नाव काढा, असं मी घरी परवाच सांगितलं होतं. मावशींना पाठवायचा आईचा ईमेल लिहून तयार होता.

आज प्रॅक्टिसला मी रत्न सोडलंच नाही. रत्न म्हणजे निळा रंगवलेला टेनिस बॉल.

"सोड ना यार," इशिता पुटपुटली. "मला पळायचंय."

"घेऊन दाखव."

तिनं ओढलं, मी धरून ठेवलं. मग ती थांबली आणि स्क्रिप्टमध्ये नसलेलंच बोलली. "राजा, तुझ्याकडे अख्खा समुद्र आहे. मला एकच मुलगा आहे."

माझा हात सुटला. खरंच सुटला. अनिका रडत होती, चक्क अनिका! माझा नुसता जळफळाट. इतकं भारी का करते ही?

नंतर इशिता पळत आली. "शोच्या दिवशी पण असंच घट्ट धर हं. तू पटकन सोडतेस ना, तेव्हा मला रडूच येत नाही."

गाडीत बसल्या बसल्या मी जाहीर केलं, "आई, बाबा, तो ईमेल डिलीट करा. ड्रॅगन मीच होणार, आणि बॉल सहजासहजी देणार नाही. तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसायचं, आणि माझ्यासाठी रडायचं."