सेलिनाच्या ताटातील काजू

वाचकहो, कसाल येथील एका काजू कारखान्यात सेलिना नामक अंध स्त्रीवर केवळ इतरांच्या दयेमुळे जो प्रसंग ओढवला, तो मी आता यथामती आपणांपुढे निवेदन करणार आहे.

सेलिनाची दृष्टी विसाव्या वर्षी तापात गेली. त्यानंतर नऊ वर्षे ती घरच्या ओसरीवर बसून होती. पुढे कारखान्याचे व्यवस्थापक अजय यांनी तिला भाजलेल्या काजूगरावरील तांबूस साल सोलण्याचे काम दिले. या कामास डोळ्यांपेक्षा बोटे अधिक लागतात, असे त्यांचे मत होते. प्रथम तिचा हात फार मंद चाले. परंतु महिन्याभरात तिची रास शेजारी बसणाऱ्या काशीबाईंच्या राशीची बरोबरी करू लागली. हाती येणारे काजू गुळगुळीत लागत, ती उत्तम भाजणीची खूण समजून ती आनंदात राहिली. रविवारी इगर्जीत प्रार्थनेनंतर तिने ही गोष्ट चार जणांना मोठ्या अभिमानाने सांगितलीही.

एके संध्याकाळी तिचे हात धुऊन देताना तिची आई ईडा सहज बोलून गेली, “हल्ली तुझ्या नखांत साल गावना नाय गो.”

सेलिनाने अंगठ्याने एकेक नख चाचपून पाहिले; खरोखरच कोठेही साल नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली. एकाही काजूस तिने स्पर्श केला नाही. दुपारी अजय आले आणि सेलिनाचे ताट आजही भरले, म्हणून नित्याप्रमाणे त्यांनी तिला शाबासकी दिली.

बायकांच्या सुऱ्या जागच्या जागी थांबल्या.

“काशीबाय,” सेलिना म्हणाली, “माका इगर्जीतल्या सायबिणीच्या मूर्तीसारखी बसवन ठेवलास काय गो? आता समोर मेणबत्ती पेटवूची तेवडी रवली.”

काशीबाईंचा आवाज खाली आला. “तुझो हात कमी पडलो तर हे तुका काडून टाकतीत, म्हणान आमी चौघी सोललले काजू मूठ-मूठ तुझ्या ताटात घालूक लागलव. वायट मनान नाय गो, बाये.”

“काडूंदेत. पण माझ्या हातान केलला कायतरी आसूक होया.”

तिला कामावरून कमी करणार नाही, मात्र राशींची सरमिसळ होऊ नये म्हणून तिने निराळ्या मेजावर बसावे, असे अजय यांनी सांगितले. सेलिनाने मान डोलावली.

तेव्हापासून ती खिडकीपाशी एकटी बसते. तिची रास सर्वांत लहान असते, आणि नखांखाली साल रुतून बोटे दुखतात. पलीकडे काशीबाईंच्या घोळक्यात कोणाच्या तरी सुनेची गोष्ट रंगते. त्या गोष्टीचे अर्धेच शब्द सेलिनापर्यंत पोचतात. ती रुसली आहे असे समजून जेवणाच्या सुट्टीत तिला कोणी हाक मारीत नाही, आणि आपण रुसलेलो नाही हे कसे सांगावे, ते तिलाही उमजत नाही. मध्येच हशा पिकतो. सेलिना तिकडे तोंड वळवते, किंचित थांबते, आणि ताटातील पुढचा काजू चाचपून उचलते.

माझ्यासारख्या अल्पशिक्षिताचे हे लेखन आपण अखेरपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपणां सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

गुरुदास लवू परब