सगळ्यांच्या सासूबाई

सातवीच्या वर्गातल्या प्रत्येक पोराकडे रविवारी सासूबाई आल्या होत्या. गोकुळकडे आल्या, सुयशकडे आल्या, आणि मिसरूड फुटायलाही अजून अवकाश असलेल्या शिवराजकडेही आल्या. विशाखा मॅडम एकेक वही उघडत होत्या आणि कपाळाला हात लावत होत्या.

चूक त्यांचीच होती. शेंद्र्याच्या पुढच्या त्या शाळेत निबंध म्हटला की पोरं गाईड काढायची, नाहीतर फळ्याकडं बघत बसायची. बाळांनो, स्वतःच्या मनातलं लिहा, असं सांगून मॅडमचा घसा बसला. पोरं म्हणायची, मग मनातलं फळ्यावर लिहून द्या. शेवटी वैतागून मॅडमनी खडू उचलला आणि नमुना म्हणून स्वतःचाच रविवार लिहायला घेतला. देवगाव रंगारीहून सासूबाई पुंडलिकनगरच्या घरी आल्या, आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे आपल्या सोयीनं लावले, आणि सूनबाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून गच्चीवर चहा पीत बसली. कपडे तर सकाळीच काढून झाले होते! लिहिता लिहिता मॅडमना अशी काही गोडी लागली की त्या वर्ग विसरल्या. कॉलेजात असताना त्या असं पानंच्या पानं लिहायच्या. नोकरी लागल्यापासून अहवालांशिवाय त्यांच्या हातून काही उतरलं नव्हतं. अजून एक फळा असता तर तोही भरला असता.

आणि पोरांनी तो नमुना मनापासून, शुद्धलेखनासकट उतरवून काढला. शिवराजनं तेवढी अक्कल चालवून ‘सूनबाई’च्या जागी ‘मी’ घातलं होतं.

गोकुळचे वडील, भिकन, कंपनीतून सुटले ते थेट वही घेऊन मुख्याध्यापकांकडे. पोरगं सातवीत हाय सर, याला सासू कुठून आली, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. सखाराम सरांनी लगेच मॅडमना बोलावून निकाल दिला. सोमवारपासून निबंध गाईडमधून सांगायचे, पोरांनी उतरवायचे, मार्क पडतात, पालक खूश राहतात. मॅडम इतक्या भांडल्या की सर कंटाळले. शनिवारी शाळा सुटायच्या आत एका तरी पोराचं स्वतःचं एक पान दाखवा, म्हणाले, नाहीतर गाईड. एक पान! मॅडमना वाटलं, एवढं तर होईलच.

कसलं काय. त्यांनी समजावलं, रागावल्या, गोष्टी सांगून पाहिल्या. मागच्या बाकावरची प्रांजली सगळ्यांच्या वतीनं म्हणाली, “मॅडम, तुमचा रविवार लई भारी होता. आमच्याकडं तसलं काय नाय.”

“काय नाय म्हणजे? दिवसभर तू काय केलंस?”

“काय नाय. शेळ्या घेऊन गेले, संध्याकाळी आले.”

शनिवारी मॅडमनी हात टेकले. नका लिहू, म्हणाल्या, आणि स्वतःची वही काढून खुर्चीत बसल्या. सोमवारपासून गाईडच सांगायचं आहे, तर आजचा तास तरी आपला. गच्चीवरून खाली आल्यावर साखरेच्या डब्यात मीठ कसं सापडलं आणि त्यावर सासूबाई काय म्हणाल्या, ते त्या लिहू लागल्या आणि एकट्याच हसल्या. पोरं माना उंचावून बघू लागली. मॅडमना लिहिताना हसू येतं, हे पोरांना नवीन होतं. सुयशनं वाचून दाखवा म्हटलं. मॅडमनी मान वर न करता सांगितलं, ज्यानं आपलं लिहिलं त्यालाच माझं ऐकायला मिळेल.

मग पेनं निघाली. थोड्या वेळानं पहिलं पान टेबलावर आलं. ‘रविवार हा सुट्टीचा वार असून तो सर्वांना प्रिय आहे.’ दुसरं तसंच. तिसरं तसंच. पोरांना गाईड पाठ होतं. मॅडमना रडावं की ओरडावं कळेना.

तेवढ्यात सखाराम सर आले. वरची पानं चाळली आणि मॅडमकडे पाहिलं. ती नजर मॅडमना फार लागली. एवढीच का, सरांनी विचारलं. मॅडमनी वर्गावर नजर फिरवली. प्रांजली तेवढी अजून वाकून लिहीत होती, जीभ दातात धरून. सर तिच्या बाकापाशी गेले आणि पानासाठी हात पुढे केला.

प्रांजलीनं पानावर आडवा हात ठेवला. “थांबा सर. शेळी अजून विहिरीतच हाय.”

सरांचा हात तसाच राहिला. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग पुन्हा पानाकडे. “पडली कशी?”

“तेच लिहायलेय ना,” प्रांजली त्रासून म्हणाली.

सखाराम सर शेजारच्या बाकावर सरकून बसले.