खोडायची कळ

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्यावरची बरीच अक्षरे पुसली गेली आहेत आणि खोडायची कळ अधूनमधून अडकते. सध्या मी कपाटावर एका उघड्या खोक्यात पडून आहे. पाऊल वाजले की वाटते, आले कुणीतरी न्यायला. मग ते पाऊल पुढे निघून जाते आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागतो.

कारखान्यातून निघालो तो थेट घरगुती उपकरणे विकणाऱ्या कंपनीत आलो. तिथे एक ताई खोक्यांवर छापायचा मजकूर लिहायच्या. चाळीस शब्दांत वस्तूची ओळख. त्यांचा एक हट्ट होता. वस्तू आठवडाभर वापरल्याशिवाय त्या एक अक्षरही लिहीत नसत. मिक्सर म्हणू नका, इस्त्री म्हणू नका, सगळे आधी आमच्या टेबलावर नांदून जायचे. साहेब ताईंची तारीफ करायचे आणि मी उगाच भाव खायचो.

पुढे कामाचा डोंगर वाढला. दिवसाला दहा-दहा वस्तू येऊ लागल्या. ताई जुना मजकूर उचलून नाव तेवढे बदलू लागल्या. मला चैन पडेना, पण कीबोर्डाला कोण विचारतो?

नव्या किटलीचा मजकूर असाच तयार झाला. चार वाजता तो छपाईला जायचा होता. साडेतीनला पॅकिंगच्या मावशी बोटे धरून समोर उभ्या राहिल्या. ताईंच्या टेबलावरचा मजकूर वाचून त्यांनी सगळ्यांच्या चहासाठी त्याच किटलीत पाणी उकळले होते.

"ताई, बाहेरून चटका बसत नाही असं तुम्हीच लिहिलंय ना? म्हणून मी तिला पोटाला धरून उचललं."

जुन्या किटलीला दुहेरी आवरण होते, नवीला नव्हते. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मावशींची बोटे गार पाण्यात धरली आणि मग साहेबांकडे धावल्या. साहेब म्हणाले, त्याच ओळीवर तर किटली खपते, राहू द्या.

"मग माझा मजकूरच नको," ताई म्हणाल्या. "उद्या एखाद्या लेकराचा हात भाजला तर मी काय तोंड दाखवू?"

साहेबांनी घड्याळ पाहिले आणि दहा मिनिटे दिली. ताईंनी खोडायची कळ दाबली. ती अडकली. पुन्हा दाबली, पुन्हा अडकली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चौथ्यांदा ती एकदाची हलली. ताईंनी लिहिले, 'बाहेरून तापते. मुठीलाच धरून उचला.'

त्यानंतर नवा कीबोर्ड आला. माझ्या खोक्यावर ताईंनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली: 'कुणीही न्यावा. सात वर्षे इमानाने राबला. खोडायची कळ अडकते, जोरात दाबावी लागते.' मला राग आला होता. असे लिहिल्यावर कोण नेणार?

मित्रांनो, वस्तू पुसून, जपून वापरा. आणि तिच्याविषयी चार शब्द लिहायची वेळ आली, तर आधी तिला हात लावून पाहा.

थांबा, पाऊल वाजले. खोके कुणीतरी खाली घेतले आहे. चिठ्ठी वाचली जाते आहे. एक बोट पुढे आले आणि सगळ्या कळा सोडून त्याने खोडायची कळच दाबली, चांगली जोरात.