सरपंचांची कमान आणि गोजरबाईची भिंत

भूकंपाने पडलेल्या आमच्या चौकातली एकच भिंत सरकारी मदतीला मंजूर झाली आणि बाकीचा सगळा चौक नामंजूर झाला. असं काही घडलेलंच नाही, हे चौकातला कुणीही शपथेवर सांगेल. तेव्हा नागरिकहो, आपणही ते घडलं नाही असंच धरून पुढे जाऊ.

त्र्याण्णव साल. किल्लारीकडे पहाटे गावंच्या गावं आडवी झाली, तेव्हा जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावातही भांडी वाजली. पुढे नवरात्रात सरपंच साहेबराव चौकातल्या फोटो स्टुडिओत आले आणि वसंताला म्हणाले, "भूकंपाच्या मदतीसाठी पडझड पाहायला इंजिनिअर येऊन राह्यलाय. चौकाचे फोटो काढ. जितकं मोडकं दिसंल तितकं बरं."

वसंता लग्नाचे फोटो काढणारा. मोडकं चांगलं कसं दाखवायचं, हे त्याला ठाऊक होतं. उलटं कधी केलं नव्हतं. कॅमेरा घेऊन तो चौकात उभा राहिला आणि गोंधळला. चौक मोडलेला होता, यात शंका नव्हती. पण तो भूकंपाच्या आधीही असाच होता.

"सरपंच, ही कमान तर उसाचा ट्रक धडकून वाकली ना?"

"मंग? ट्रक धडकला तवा जमीन हललीच की न्हाई?"

"अन् गटाराचं झाकण?"

"भूकंपात गेलं."

"ते तर तुमच्या गोठ्यात..."

"भूकंपातच गेलं तिकडं! काढ फोटो, जल्दी कर."

किराणा दुकानदार रामकिसन केस विंचरून आपल्या फुटक्या पायरीशेजारी उभा राहिला. "डाव्या अंगानं काढ," म्हणाला. "तिकडून जास्त फुटलेली दिसती."

राहता राहिलं कोपऱ्यावरचं गोजरबाईचं मातीचं घर. पुढच्या बाजूला तिचं बांगड्यांचं दुकान. भिंत शेणामातीने ताजी लिंपलेली, दाराला तोरण, पुढे रांगोळी. अख्ख्या चौकात तेवढंच धड. वसंताने त्याचाही फोटो काढला आणि जालन्याहून सगळा रोल धुऊन आणला.

इंजिनिअर आले. फोटो पाहून एकेक नुकसान मान्य करत गेले. गोजरबाईच्या फोटोशी थांबले. "हे घर तर उत्तम आहे," म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला.

वसंता हा निरोप सांगायला बांगड्यांच्या दुकानात गेला. "मावशी, तुमचं घर बाद झालं. फोटोत लई चांगलं आलं."

गोजरबाई त्याला आत घेऊन गेली. आतून चौकाकडची तीच भिंत पोट काढून उभी होती. तिला बैलगाडीचं जू टेकवलेलं होतं. जुवाला लागून खाट, खाटेवर बाळंतीण सून कौसल्या आणि तिच्या कुशीत बाळ. खोली एकच, समोरच्या कोपऱ्यात घट.

"त्या पहाटे फाटली. हात जाईल एवढी," गोजरबाई म्हणाली. "मी लिंपून घेतली."

"लिंपली कशाला? भेग दिसली असती तर..."

"घट बसायचे व्हते ना! मंग काय भेगाडात बसवू देवीला? तिला सांगू का, बाई, साहेब पाहून जाईस्तोर दम धर?"

वसंताने जू हलवून पाहिलं.

"मला तुमचं काई कळून न्हाई राह्यलं, वसंता. तिकडं लोकायचे लेकरं मातीखाली गेले. मदत त्यायच्यासाठी निंघाली. अन् तुम्ही ट्रकानं वाकवलेली कमान घेऊन त्यायच्या रांगेत मधीच घुसून राह्यले! तुम्ही पुढं घुसले की मागं कुणीतरी राहतंच. आज माझी कौसल्या राह्यली."

वसंता आणखीच गोंधळला. उभा चौक फोटोत पडला होता आणि पडणारं घर फोटोत उभं होतं. आणि दोन्ही फोटो अगदी खरे होते!

तो स्टुडिओकडे धावला. शोकेसमध्ये सरपंचांच्या मुलाच्या वरातीचा मोठा फोटो होता, गेल्या उन्हाळ्यातला. फेटा बांधून नाचणारे सरपंच, मागे तीच वाकलेली कमान, पायाशी तेच उघडं गटार, कडेला रामकिसनची तीच पायरी. फ्रेमसकट तो त्याने इंजिनिअरपुढे ठेवला.

"तुझ्या स्टुडिओचा पत्राबी मंजूर व्हता रे, येड्या!" रामकिसन ओरडला.

सरपंच मात्र फोटोकडे बघतच राहिले. "म्हंजी," ते हळूच म्हणाले, "भूकंप लग्नाच्या आधी झाल्ता?"

कुणी हसलं नाही.

"साहेब, हे सगळे फोटो मला परत द्या," वसंता म्हणाला, "अन् मावशीच्या घरात चला."

इंजिनिअरांनी आतून भिंतीला बोट लावलं. लिंपण ढासळलं आणि हात कोपरापर्यंत आत गेला.

"हळू, साहेब. घट बसलेत," गोजरबाई म्हणाली.

हात बाहेर आला तेव्हा भगदाडातून चौक दिसू लागला. चौकातून आत डोकावणारे सरपंच आणि रामकिसनही दिसू लागले. बाळ त्यांना पाहून की कशाने, मोठ्याने रडायला लागलं. सरपंचांनी मान खाली घातली!

"कमान राहू द्या," ते म्हणाले. "आधी ही भिंत उतरवू. अन् तवर सूनबाईची खाट माझ्या ओसरीवर न्या."

इंजिनिअरांनी ती एकच भिंत मंजूर केली आणि ती उतरवायला चौकातले सगळे आले. रामकिसन सगळ्यात आधी आला आणि सगळ्यात जास्त बोलला. गोठ्यातलं झाकणही गटारावर परत आलं. ते भूकंपानेच आणून दिलं, असं सरपंच अजून सांगतात.

नागरिकहो, ज्याचं खरंच पडतं तो आधी सावरायला लागतो, म्हणून त्याची पडझड फोटोत येत नाही. आपली जुनी मोडतोड घेऊन त्याच्या पुढे उभे राहू नका! दाराला तोरण दिसलं तरी एकदा आत जाऊन पाहा.

आणि वरीलपैकी काहीच घडलेलं नसल्यामुळे चौकातर्फे हा एवढाच अर्ज:

सदर चौक आम्ही स्वतः, वेळोवेळी व एकमताने मोडलेला आहे. तरी गोजरबाईच्या एका भिंतीपुरते दोषी धरून, उर्वरित सर्व आरोपांतून सदर भूकंपास सन्मानपूर्वक मुक्त करावे व तसे त्यास लेखी कळवावे, ही नम्र विनंती.